बाटलीवरचा त्रिकोण आणि वावरातला माणूस

भारतात विकल्या जाणाऱ्या कीटकनाशकाच्या बाटलीवर कोनावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातला त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. हा रंग १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ठरवून दिला आहे आणि तो त्या रसायनाची तीव्र विषारीता दाखवतो. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना रसायन तोंडावाटे दिले असता ज्या मात्रेने निम्मे प्राणी दगावतात, ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर त्रिकोण लाल असतो. ५१ ते ५०० पर्यंत पिवळा, ५०१ ते ५००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. कातडीतून शोषल्या जाणाऱ्या विषासाठी वेगळी मोजपट्टी आहे.

या मोजमापात चूक काही नाही. एकाच पदार्थाची, एकाच मार्गाने, एकदाच दिलेली मात्रा किती घातक आहे, एवढ्या प्रश्नाचे ते उत्तर आहे. अकोला-अमरावतीच्या काळ्या जमिनीत, सप्टेंबरच्या दमट उकाड्यात, खांद्याला लागलेल्या पऱ्हाटीत, पाठीवर पंप घेऊन, दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळून दिवसभर फवारणाऱ्या मजुराच्या शरीरात काय होते, हा प्रश्न वेगळा आहे. रसायनांच्या सुरक्षिततेचे भारतीय नियमन पहिल्या प्रश्नाभोवती उभे राहिले. दुसऱ्याकडे ते जवळजवळ पाहतच नाही. पदार्थ तपासला जातो, वापर तपासला जात नाही. आता त्याच वावरात नॅनो खते आली आहेत. त्यांच्या बाबतीत पदार्थाचे रासायनिक नाव कळले तरी पदार्थ पुरता कळत नाही, म्हणून जुनी उणीव आणखी रुंदावली आहे.

कायद्याचा उगम एका दुर्घटनेत आहे. १९५८ साली केरळ आणि त्या वेळच्या मद्रास राज्यात पॅराथिऑन या कीटकनाशकाचा संसर्ग झालेले पीठ व साखर खाऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अन्नाची पोती आणि विषाचे डबे जहाजातून एकत्र आले होते. त्या काळात केंद्राच्या कृषी मंत्रालयात मंत्री होते ते अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख. पुढे त्यांच्याच नावाने १९६९ मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ उभे राहिले. केरळच्या घटनेची न्यायमूर्ती शाह यांच्या आयोगाने चौकशी केली आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा झाला. आयात, उत्पादन, विक्री, वाहतूक आणि वापर या सगळ्यांवर नियंत्रण ठेवण्याचा त्याचा हेतू प्रस्तावनेतच सांगितलेला आहे. प्रत्यक्षात पहिल्या चार गोष्टींसाठी यंत्रणा उभी राहिली. वापर कागदावर राहिला.

यंत्रणा दोन मजल्यांची आहे. वरच्या मजल्यावर केंद्राची नोंदणी समिती. फरीदाबादच्या कार्यालयातून तिचे काम चालते. कंपनीने दिलेली रसायनशास्त्र, परिणामकारकता, विषारीता आणि वेष्टनाविषयीची माहिती ती तपासते आणि कोणते औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत वापरायचे ते ठरवते. शेतीच्या भाषेत यालाच लेबल क्लेम म्हणतात. खालच्या मजल्यावर राज्य सरकार. दुकानांना परवाने देणे, कृषी सेवा केंद्रांतून नमुने घेणे, ते प्रयोगशाळेत पाठवणे आणि नमुना नापास झाला तर खटला भरणे ही राज्याची कामे. या वाटणीचा परिणाम असा की ज्याला नोंदणी देण्याचा अधिकार आहे त्याला अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याचे वावर दिसत नाही, आणि ज्याला ते वावर दिसते त्याला नोंदणी रद्द करता येत नाही. कायद्याच्या २७ व्या कलमाने राज्याला एकच तातडीचा उपाय दिला आहे. माणसाला किंवा जनावराला धोका दिसला, तर चौकशी होईपर्यंत एखाद्या कीटकनाशकाची विक्री व वापर जास्तीत जास्त ६० दिवस थांबवता येतो आणि चौकशी अपुरी राहिली तर आणखी ३० दिवस.

हा उपाय वापरावा लागला तो २०१७ मध्ये. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो माणसांना रुग्णालयात दाखल करावे लागले. विषबाधेचे रुग्ण यवतमाळपुरते नव्हते. अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशीम अशा सगळ्या कापूसपट्ट्यातून बातम्या येत होत्या. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. हंगाम सरत आला तेव्हा राज्य सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच उत्पादनांवर ६० दिवसांची बंदी घातली. ती उत्पादने अशी: प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिनचे मिश्रण, फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस.

त्या हंगामात नेमके काय घडले हे नीट पाहिल्याशिवाय नियमनाची चर्चा पोकळ ठरते. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा बोंडअळीचा बंदोबस्त झाला असे वाटले होते. पंधरा वर्षांत गुलाबी बोंडअळीने बीटीच्या प्रथिनांना प्रतिकार कमावला. बीटीचा ज्यांच्यावर परिणामच नाही ते तुडतुडे, फुलकिडे, मावा आणि पांढरी माशी होतेच. फवाऱ्यांची संख्या वाढली आणि एका फवाऱ्यात औषधांचीही वाढली. त्या वर्षी कपाशी अनेक ठिकाणी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. कमरेएवढ्या पिकात नोझल खाली धरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर तुषार कमी येतात. डोक्याएवढ्या पिकात हात वर करून फवारावे लागते, तुषार चेहऱ्यावर येतात आणि पुढे टाकलेले प्रत्येक पाऊल नुकत्याच भिजलेल्या पानांतून जाते. सदरा घामाने आणि औषधाने ओला राहतो. बॅटरीवर चालणाऱ्या चिनी बनावटीच्या पंपांनी हाताचे कष्ट वाचवले, पण तुषार अधिक बारीक आणि कामाचा वेग अधिक झाला. बारीक तुषार हवेत जास्त वेळ तरंगतात. पाणी आणणे, टाकी भरणे, औषध ढवळणे ही कामे बहुतेक घरांत बाया करतात. शेतात न फवारताही त्यांच्या हातांना ते लागतेच.

आता रसायनांकडे. प्रोफेनोफॉस, ॲसिफेट, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. मज्जातंतूंच्या सांध्यावर निरोप पोहोचल्यावर तो पुसून टाकणारे एक विकर शरीरात असते. हा गट त्या विकरालाच बांधून ठेवतो. निरोप पुसला जात नाही. लाळ आणि घाम सुटतो, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते, स्नायू फडफडतात, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. यावर ॲट्रोपिन आणि वेळेत दिले तर पॅम ही औषधे उपयोगी पडतात. सायपरमेथ्रिन वेगळ्या गटातले आहे आणि शरीर त्याचे विघटन तुलनेने लवकर करते. पण ते विघटन करणारी विकरेही ऑर्गॅनोफॉस्फेटमुळे निकामी होतात. म्हणूनच हे मिश्रण किडीवर जास्त चालते, आणि माणसाच्या शरीरातही तोच हिशेब लागू पडतो. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड मज्जासंस्थेवर आणखी दोन वेगळ्या ठिकाणी काम करतात. डायफेन्थियुरॉन पेशीतल्या ऊर्जानिर्मितीवर घाला घालते आणि त्यावर नेमका उतारा नाही. या पाचांपैकी तीन एका टाकीत गेली आणि माणूस बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आला, तर डॉक्टर कशावर उपचार करणार? रक्तातल्या त्या विकराची पातळी मोजणारी कोलिनएस्टरेज चाचणी महाग नाही, अवघडही नाही. ती तालुक्याच्या रुग्णालयात हाताशी नसेल, तर लक्षणांवरून अंदाज बांधत उपचार करावे लागतात.

नोंदणी समितीने या पाच उत्पादनांपैकी प्रत्येकाची माहिती तपासली होती. दोन मिश्रणेही कारखान्यात तयार झालेली आणि रीतसर नोंदवलेली होती. पण टाकीत शेतकऱ्याने केलेले मिश्रण कोणीच तपासलेले नसते. तपासणेही शक्य नाही, कारण जोड्या असंख्य आहेत. म्हणून नियमनाने असे धरून चालावे लागते की शेतकरी लेबलाप्रमाणे एकेक औषध वापरील. हे गृहीतक खोटे ठरले तर दोष वापरणाऱ्यावर जातो. २०१७ नंतरच्या सार्वजनिक चर्चेत ते वारंवार झाले: मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याच्या दिशेने फवारले नाही, औषधे मिसळली.

संरक्षक कपड्यांचा मुद्दा त्यातला सर्वांत ठाम आणि सर्वांत कच्चा. कीटकनाशक नियमांत संरक्षक पोशाख, श्वसनसाधने, कामगारांची वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षण यांच्या तरतुदी आहेत. त्या वाचताना डोळ्यांसमोर कारखाना किंवा गोदाम येते, जिथे मालक आहे, हजेरीपट आहे, कपडे बदलायला खोली आहे. पाच एकराच्या कोरडवाहू वावरात मालक कोण? मजुराला दिवसाच्या रोजावर बोलावणारा शेतकरी स्वतः दुसऱ्या ओळीत पंप घेऊन चालत असतो. शिवाय रबरी हातमोजे, बंद बूट, प्लास्टिकचा झगा आणि गाळणीचा मास्क घालून भाद्रपदाच्या उन्हात पाठीवर भरलेला पंप वाहणे माणसाच्या शरीराला झेपत नाही. उष्माघात टाळण्यासाठी तो ते उतरवतो, आणि शरीराच्या दृष्टीने तो निर्णय समजूतदारपणाचाच असतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या कीटकनाशकविषयक आचारसंहितेत हे सरळ मान्य केले आहे. ज्यांच्या हाताळणीसाठी गैरसोयीची, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात अशी कीटकनाशके टाळावीत, विशेषतः उष्ण हवामानात आणि लहान शेतकऱ्यांच्या बाबतीत, असे ती सांगते. ही कसोटी भारतीय नोंदणीला लावली तर प्रश्नच बदलतो. ‘मोजे घालून हे सुरक्षित आहे का’ असे न विचारता ‘मोजे न घालता हे सुरक्षित आहे का’ असे विचारावे लागते. कापसावरची बरीच जुनी औषधे त्या प्रश्नाला टिकणार नाहीत.

जुनी औषधे काढून टाकण्याची भारतीय पद्धत संथ आहे आणि तिचा निकषही विचित्र आहे. २०१३ मध्ये नेमलेल्या अनुपम वर्मा समितीने ६६ कीटकनाशकांचा आढावा घेतला. परदेशांत बंदी किंवा निर्बंध आले, पण भारतात वापर चालू, अशी ही यादी होती. भारतात माणसे कोणत्या औषधाने आजारी पडतात, हा निवडीचा आधार नव्हता. त्या समितीच्या शिफारशींनुसार २०१८ मध्ये काही औषधांवर बंदी आली. मे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला. उद्योगाचे आक्षेप, नव्या समित्या आणि न्यायालयीन सुनावण्या यांतून जात सप्टेंबर २०२३ च्या आदेशात त्यातली चारच उरली: डायकोफॉल, डिनोकॅप, मेथोमिल, आणि साठा संपेपर्यंतची सवलत देऊन मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्के द्रावण. वऱ्हाडात २०१७ साली थांबवलेल्या पाच उत्पादनांतली दोनच रसायने, ॲसिफेट आणि मोनोक्रोटोफॉस, त्या २७ च्या यादीत होती. डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस, फिप्रोनिल यांचा विचारच त्या यादीत नव्हता. जिथे माणसे मेली त्या जिल्ह्यांचा अनुभव राष्ट्रीय निर्णयाच्या टेबलावर पोहोचलाच नाही, असा याचा अर्थ होतो.

मोनोक्रोटोफॉसचा इतिहास तर या संथपणाची उघड साक्ष आहे. जागतिक आरोग्य संघटना त्याला अतिघातक वर्गात घालते. भारतात २००५ पासून भाजीपाल्यावर त्याचा वापर बंद होता. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनातून ते पोटात जाऊन २३ मुले दगावली. त्यानंतरही कापसावर ते दहा वर्षे चालू राहिले. डायफेन्थियुरॉनला युरोपीय संघाने २००२ मध्ये आणि स्वित्झर्लंडने २००९ मध्ये आपल्या यादीतून काढले, पण भारतात त्याची विक्री होत राहिली. २०२० मध्ये यवतमाळच्या काही पीडित कुटुंबांनी स्वित्झर्लंडमध्ये ते औषध विकणाऱ्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली. खटल्याचा निकाल काहीही लागो, वऱ्हाडातल्या फवारणीचा जाब विचारायला शेतकऱ्याला स्वित्झर्लंडमधले बासेल गाठावे लागते, हे देशांतर्गत व्यवस्थेविषयी पुरेसे बोलके आहे.

बंदीविरुद्धचे युक्तिवाद मात्र झटकून टाकण्यासारखे नाहीत. जुनी औषधे स्वस्त असतात. बोंडअळीने हंगाम बुडवलेल्या शेतकऱ्याला पर्यायी औषध दुप्पट-तिप्पट भावाने घ्यावे लागले तर कर्ज वाढते. बाजारात बिननोंदणीचा, बनावट आणि ‘सेंद्रिय’ म्हणून खपवलेला माल आहेच. बंदीने त्याला जागा मिळू शकते. पण या भीतीला श्रीलंकेने अनुभवाचे उत्तर दिले आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास तिथे सर्वांत घातक वर्गातली कीटकनाशके टप्प्याटप्प्याने काढली गेली, १९९८ मध्ये एंडोसल्फानही. पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास घटले, आणि मुख्य पिकांच्या उत्पादनात त्या बंदीमुळे घट आल्याचे दिसले नाही. ज्या प्रदेशात शेतकरी आत्महत्यांचे अहवाल वर्षानुवर्षे निघत आहेत, तिथे घरात ठेवलेले औषध किती घातक आहे हा कृषी-अर्थकारणाइतकाच सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. या दृष्टीने वऱ्हाडात त्याचा विचार फार कमी झाला.

जुन्या रसायनांचा हा हिशेब मिटलेला नसताना नॅनो पदार्थ शेतात आले आहेत. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण असलेल्या पदार्थाला नॅनो पदार्थ म्हणतात. आकाराला महत्त्व का, ते साध्या गणिताने कळते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. तोच घन १० नॅनोमीटर बाजूच्या घनांत चिरला, तर वजन तेच राहते आणि एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होतात. म्हणून त्याच वजनाचा, त्याच नावाचा पदार्थ वेगळा वागू लागतो, पेशीत शिरू शकतो, फुप्फुसाच्या खोल भागात पोहोचू शकतो. २००८ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी उंदरांवर दाखवले की लांब, कडक कार्बन नॅनोनळ्या शरीराच्या पोकळीत ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखाच दाह निर्माण करतात. ग्रॅफाइट तेच कार्बन, पण त्याच्याकडून असा धोका नसतो. म्हणजे दर किलो वजनामागे मिलिग्रॅम ही विषारीतेची मोजपट्टी, जिच्यावर त्रिकोणाचे रंग उभे आहेत, ती इथे अपुरी पडते. वजनासोबत कणांची संख्या, आकार, लांबी, पृष्ठफळ आणि आवरण हेही सांगावे लागते.

युरोपने हे कायद्यात आणायला सुरुवात केली. २०११ मध्ये नॅनो पदार्थाची व्याख्या शिफारशीच्या रूपाने झाली. २०२० पासून रासायनिक नोंदणीत पदार्थाच्या नॅनो रूपाची वेगळी माहिती देणे बंधनकारक झाले. फ्रान्सने त्याआधीच उत्पादक-आयातदारांची वार्षिक नोंदवही सुरू केली होती. खाद्यपदार्थ पांढरे दिसावेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला २०२१ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने सुरक्षित मानण्यास नकार दिला आणि पुढच्या वर्षी त्यावर बंदी आली. भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये नॅनो कृषी निविष्ठा व खाद्यपदार्थांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती विचारपूर्वक लिहिलेली आहेत, पण मार्गदर्शक तत्त्व मोडले तर शिक्षा नाही. कारखान्यांतल्या इतर रसायनांसाठी भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि १९८९ चे घातक रसायनविषयक नियम आले. तेही साठा आणि अपघात यांभोवती आहेत, पदार्थाच्या रूपाभोवती नाहीत.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचलेले ठळक नॅनो उत्पादन म्हणजे इफ्कोचे द्रवरूप नॅनो युरिया. गुजरातेतल्या कलोल येथे ते विकसित झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात त्याचा समावेश झाला आणि त्याच वर्षी विक्री सुरू झाली. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ४ टक्के नत्र, कणांचा आकार २० ते ५० नॅनोमीटर, आणि एक बाटली ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीइतके काम करते असा दावा. २०२३ मध्ये नॅनो डीएपी आले.

या दाव्याचा हिशेब कोणालाही करता येतो. ४५ किलो युरियात ४६ टक्क्यांप्रमाणे २० किलो ७०० ग्रॅम नत्र असते. बाटलीत ४ टक्क्यांप्रमाणे २० ग्रॅम. हजारपटीचा फरक आहे. पीक प्रथिने बनवते ती नत्राच्या अणूंपासून, आणि कण कितीही बारीक केला तरी अणूंची संख्या वाढत नाही. कपाशीवर फुलोऱ्यात २ टक्के साध्या युरियाची फवारणी करण्याची शिफारस जुनीच आहे. दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया टाकला तर ९२ ग्रॅम नत्र पानांवर जाते आणि गोणीच्या अनुदानित भावाने त्याला सव्वा रुपयाच्या आसपास खर्च येतो. दहा लिटरला ४० मिलिलिटर नॅनो युरिया टाकले तर दीड ग्रॅमच्या थोडे वर नत्र जाते आणि २२५ रुपयांच्या बाटलीच्या हिशेबाने १८ रुपये लागतात. इफ्कोने ९४ पिकांवर सुमारे ११ हजार ठिकाणी चाचण्या घेऊन सरासरी ८ टक्के उत्पादनवाढ सांगितली. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगांत शिफारशीतल्या नत्राऐवजी नॅनो युरिया दिल्यावर भात आणि गव्हाचे उत्पादन मात्र घटले. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाव्यामागच्या वनस्पतिशास्त्रावरच आक्षेप घेतले. पुढे उत्पादकाने नत्राचे प्रमाण वाढवून नवी आवृत्ती आणली. कणाचा बारीकपणाच पुरेसा असता, तर नत्र वाढवण्याची गरज पडली नसती.

हा सगळा परिणामकारकतेचा वाद झाला, सुरक्षिततेचा त्यात संबंध काय, असे विचारता येईल. संबंध थेट आहे. कोणत्याही रसायनाचा धोका स्वीकारला जातो तो फायद्याच्या बदल्यात. फायदा शून्याजवळ असेल तर लहानसा धोकाही अवाजवी ठरतो. दुसरे असे की जी यंत्रणा एक हजारांश नत्राचा दावा स्वतंत्र, अनेक हंगामांच्या, सर्वांसमोर ठेवलेल्या प्रयोगांशिवाय मान्य करते, तीच सुरक्षिततेचा दावाही त्याच रीतीने मान्य करणार. उत्पादकाच्या म्हणण्यानुसार विषारीतेच्या चाचण्या आंतरराष्ट्रीय पद्धतींनी झाल्या आहेत. त्यांचे मूळ आकडे शेतकऱ्यापुढे, विद्यापीठांपुढे उघडे असायला हवेत. युरिया पाण्यात सहज विरघळतो, मग पाण्याने भरलेल्या बाटलीत २० ते ५० नॅनोमीटरचा कण टिकतो तो कशाच्या आवरणात? ते आवरण पानांवर, मातीत आणि फवारणाऱ्याच्या फुप्फुसात कसे वागते? हे प्रश्न विरोधासाठी विचारलेले नाहीत. मिळतील ती उत्तरे दिलासा देणारीही असू शकतील. जस्त आणि तांब्याच्या नॅनो खतांत तर ही विचारणा अधिक गंभीर होते, कारण नत्र पिकात आणि हवेत जाते, धातू मातीत व पाण्यात साठत राहतात. जस्त ऑक्साइडचे नॅनो कण पाण्यातल्या लहान जीवांना घातक ठरतात, हे प्रयोगशाळांत दिसलेले आहे.

वऱ्हाडाचा एक भूगोल इथे आडवा येतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथले भूजल क्षारांनी भरलेले. फवारणीची टाकी अनेकदा याच पाण्याने भरली जाते. पाण्यात क्षार वाढले की तरंगत्या सूक्ष्म कणांभोवतीचे विद्युतभाराचे कवच दबते, कण एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होतात. कलॉइडच्या रसायनशास्त्रातली ही जुनी गोष्ट आहे. आवरण चांगले असेल तर कण टिकतीलही, पण ते तपासावे लागेल. शुद्ध पाण्यात ३० नॅनोमीटर भरलेला कण दहीहंड्याच्या किंवा दर्यापूरच्या विहिरीच्या पाण्यात किती भरतो, हे पाहिल्याशिवाय त्याला तिथे नॅनो म्हणणेही कठीण. विम्लधर्मी पाण्यात अनेक ऑर्गॅनोफॉस्फेट लवकर फुटतात. औषध लागू पडले नाही म्हणून शेतकरी मात्रा वाढवतो, आणि विषबाधेची वाट तिथूनही सुरू होते. पाण्याची प्रत लेबलावर कुठेच नसते.

तपासणीचीही अडचण आहे. खताच्या नमुन्यातले नत्राचे प्रमाण नेहमीच्या रासायनिक पद्धतीने मोजता येते. कणांचा आकार मोजायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक किंवा प्रकाशाच्या विखुरणीवर चालणारे यंत्र लागते. खत नियंत्रण आदेशात आकार लिहिला, पण निरीक्षकाने दुकानातून घेतलेल्या बाटलीत तो आकार आहे की नाही हे विभागीय पातळीवर मोजता येत नसेल, तर तो नियम अंमलात येत नाही. बनावट नॅनो बाटलीत साधे युरियाचे पाणी भरले तर ते ओळखायचे कसे? त्यात ‘लिंकिंग’ची भर पडते. युरिया किंवा डीएपीच्या गोणीसोबत नॅनोची बाटली घ्यायला भाग पाडले जाते, अशा तक्रारी खरिपाच्या तोंडावर राज्यभर होतात. ज्याला पर्याय नाही तो लेबल वाचून निवड करीत नाही, आणि लेबलावर भिस्त ठेवणारे नियमन तिथे लंगडे पडते. ड्रोनने फवारणी वाढली तर पाठीवरच्या पंपाचा धोका कमी होईल, ही जमेची बाजू. पण ड्रोनच्या टाकीत पाणी कमी आणि द्रावण दाट असते. शेजारच्या वावरात निंदणाऱ्या बायांवर आणि बांधावरच्या विहिरीवर त्याचे तुषार किती जातात, हे वऱ्हाडाच्या वाऱ्यात आणि तिथल्या एक-दोन एकराच्या पट्ट्यांत मोजून पाहावे लागेल.

१९६८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २००८ मध्ये एक आणि २०२० मध्ये दुसरे विधेयक संसदेत आले. नव्या कायद्याची वाट पाहत असतानाही आहे त्या कायद्यातून बरेच करता येते. त्याचे २६ वे कलम राज्य सरकारला असा अधिकार देते की विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे ठरावीक व्यक्तींवर अधिसूचनेने बंधनकारक करावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर, खाजगी दवाखान्यातला डॉक्टर, पोलीस पाटील, औषध विक्रेता या सर्वांना त्यात आणता येते. कोणते औषध, कशात मिसळले, कोणता पंप, पीक किती उंच, किती तास काम, एवढ्या नोंदी अमरावती विभागातून पाच हंगाम सलग आल्या, तर नोंदणी समितीला पुनर्विचारासाठी परदेशी बंदीच्या यादीची वाट पाहावी लागणार नाही. जुलैपूर्वी नियमित फवारणाऱ्या मजुरांच्या रक्ताची कोलिनएस्टरेज चाचणी करून ठेवली, तर हंगामात पातळी किती खाली गेली हे कळेल. तुलनेला मूळ आकडा नसेल तर आजारपणातली चाचणी निम्मी निरुपयोगी होते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने कपाशी, तूर, सोयाबीनवर नॅनो खतांचे प्रयोग खारपाणपट्ट्यात आणि त्याबाहेर असे दोन्हीकडे घ्यावेत, साध्या युरियाच्या फवारणीशी तुलना करून घ्यावेत, आणि निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, ते मराठीत छापावेत. सोयाबीन मुळांवरच्या गाठींतून स्वतःचे नत्र मिळवते. तिथे बाहेरून दिलेल्या नत्राचा फायदा मुळातच मर्यादित, म्हणून त्याची तुलना वेगळी ठेवावी लागेल.

खर्चाचा प्रश्न यात मोठा नाही. चाचणीचे संच, ॲट्रोपिन व पॅमचा तालुक्याच्या ठिकाणी साठा, एक कणमापन यंत्र आणि नोंदी ठेवणारी माणसे एवढाच तो आहे. अवघड आहे ती जबाबदारीची फेरवाटणी. आज धोका सिद्ध करण्याचा भार विषबाधा झालेल्या माणसावर आहे. त्याने बाटली जपून ठेवावी, बिल जपावे, शवविच्छेदनाच्या अहवालात रसायनाचे नाव यावे, तरच त्याचा दावा उभा राहतो. रोजाने आलेल्या मजुराकडे बिल नसते, कारण औषध त्याने विकत घेतलेलेच नसते. नोंदणीच्या वेळी वापराची खरी परिस्थिती, म्हणजे उकाडा, पिकाची उंची, पंप, मिश्रण आणि उघडे हात, गृहीत धरून सुरक्षितता दाखवण्याचा भार उत्पादकावर टाकला, तर हा पुरावा मजुराकडे मागण्याची वेळ क्वचितच येईल. नॅनो उत्पादनाला आणखी एक अट लागेल: विक्रीच्या बाटलीतल्या कणाचा आकार आणि आवरण जाहीर करणे, आणि स्थानिक पाण्यात मिसळल्यावर तो आकार काय होतो हे दाखवणे.